माळवदावरचा डंबेल

माणसाच्या दंडाला पुढच्या अंगानं बेटकुळी असते, हे कुणालाही ठाऊक असतं. शाळेतलं शेंबडं पोरसुद्धा मूठ आवळून ती काढून दाखवतं. पण त्याच दंडाच्या मागच्या अंगाला काय असतं, हे आमच्या गावात एकाहत्तर सालापर्यंत कुणाला माहीत नव्हतं. आम्ही समजायचो, तिथं नुसतं कातडं असतं, पुढच्या मालाला आवरण म्हणून. इंग्रजीत त्या मागच्या स्नायूला ट्रायसेप्स म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही त्याला मागला दंड म्हणायला लागलो, आणि तो गावात पहिल्यांदा उगवला सहादेवमामांच्या जावयाच्या हाताला. आता मी सांगतो त्यात खोटं काही नाही. थोडं वाढवून सांगेन. भाकरीसुद्धा थापून वाढवावी लागते, तिला कुणी खोटी म्हणत नाही.

आमचं गाव तिसगावच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. पाऊस असा, की छत्री ही वस्तू आम्ही फक्त रुसलेल्या नवरदेवाला द्यायला विकत आणायचो. पण चैत्रातली भैरवनाथाची जत्रा मात्र वाजतगाजत व्हायची, आणि जत्रेत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे काठी. काठी म्हणजे म्हशी हाकायची नव्हे. उचलला की देवळाच्या कळसाच्या वर जाईल असा जाडजूड कळकाचा बांबू, त्याला लाल-पांढरं कापड गुंडाळलेलं, गळ्यात घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा तुरा. एका वर्षी त्या तुऱ्यात घारीनं घरटं बांधलं होतं आणि मिरवणूक संपेपर्यंत ती खाली उतरली नव्हती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वेशीपासून देवळापर्यंत ही काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून आणतात. चार अंगांनी चौघं दोर धरून असतात, कलू नये म्हणून. खरी परीक्षा देवळापुढं. तिथं काठीवाल्यानं ती पट्ट्यातून उपसायची, बुडाची आडवी दांडी दोन्ही हातांत धरायची, डोक्याच्या वर उचलायची आणि आरती संपेपर्यंत हात ताठ ठेवायचे. कोपर वाकलं की त्या घराचा मान गेला. मग काठी दुसऱ्या घराला, त्याचं कोपर वाकेपर्यंत.

हा मान पन्नास-एक वर्षं सहादेवमामांच्या घरात होता. पण आदल्या पावसाळ्यात मामा विहिरीच्या धावेवरून पडले आणि त्यांचा खांदा असा निखळला, की त्यांना टोपीसुद्धा झुंबरमामी घालायच्या. पोटी एकच लेक, राही. तिचा नवरा मच्छिंद्र घरजावई. सोनईकडचा माणूस. तिकडं पाटाचं पाणी, उसाचे मळे. पण हा चार भावांत धाकटा, आणि राही मुळात अशी, की तिच्यासाठी माणसानं उसातून कुसळात यावं. आला. बरीच वर्षं झाली होती त्याला येऊन. नांगरायचा, मळायचा, मामांची सेवा करायचा. तरी गाव त्याला पाव्हणंच म्हणायचं. लग्नाच्या पंगतीत आग्रह करकरून वाढायचं आणि गावाची बोलणी निघाली की गप्प व्हायचं.

मामांचा भावकीतला पुतण्या भिमाजी. भिमाजीची बेटकुळी केवढी, तर तो मूठ आवळायचा तेव्हा बंडीची बटणं समोरच्या माणसानं चुकवायची. त्यानं माघात पारावर विषय काढला.

"चुलत्याचा खांदा गेला. आता काठी कोन धरनार?"

"मच्छिंद्र धरंल की," मामा म्हणाले.

"पाव्हना? गावाची काठी पाव्हन्याच्या हातात? उद्या मंग पंचायतीचा शिक्का बी द्या त्यांच्याकडं."

पारावर राधाकृष्णअण्णा बसले होते. सगळ्यात थोरले पंच. अण्णांना एक पान चघळून संपल्याशिवाय निवाडा सुचायचा नाही, आणि ते पान खायचे सावकाश. आम्ही वाट बघत बसलो. शेवटी अण्णा पिंक टाकून म्हणाले, "औंदा धरू द्या. कोपर न्हाई वाकलं तर मान सहादेवाच्याच घरात. वाकलं तर काठी भिमाजीची, अन् मंग पुन्यांदा तो विषय न्हाई."

मामा घरी आले आणि जेवले नाहीत. मच्छिंद्रानं ते पाहिलं. त्यानं परसात जाऊन एक ओला कळक डोक्यावर उचलून धरला. राहीनं चूल पेटवायला घेतली, ती पेटायच्या आत त्याची कोपरं लटलटायला लागली आणि कळक कोंबड्यांच्या डालग्यावर पडला. कोंबड्या वाचल्या, पण पुढं महिनाभर अंडी चपटी यायची.

दुसऱ्या दिवशी तो तिसगावला गनीभाईकडं गेला. गनीभाईचं सायकलचं दुकान. हा माणूस तरुणपणी नगरला लष्कराच्या कँपाच्या शेजारी राहिलेला, त्यामुळं जगातली निम्मी विद्या त्यानं तारेच्या कुंपणाअलीकडून बघून शिकलेली होती.

"गनीभाई, हात वर धरले का कोपरातनं ढिले पडत्यात. औषध काय?"

गनीभाईनं त्याचा दंड पुढून चाचपला. "इथं हाय." मग मागून चाचपला. "इथं मात्र काहीच न्हाई, पाव्हणं. इथं पोळी लोंबतीय नुसती."

मग त्यानं दुकानाच्या कोपऱ्यातून एक लोखंडी वस्तू ओढून आणली. मध्ये मुठीएवढी दांडी, दोन्ही टोकांना दोन गोळे. फौजेच्या मोडीच्या लिलावातून आणलेला डंबेल होता तो. मुळात जोडी असते म्हणे. याचा जोडीदार दुसऱ्याच कुणी नेला. गनीभाई त्याच्यावर ठेवून सायकलीच्या तारा सरळ करायचा.

"जवान हेच करायचे सकाळी. बघ. दोन्ही हातांनी धर. डोक्याच्या वर. कोपरं कानाला चिकटव, अशी, हालू द्यायची न्हाईत. आता डंबेल डोक्याच्या मागं सोड, हळू, मानेपर्यंत. आन् फक्त कोपरातून परत वर. खांदा झोपलेला पाहिजे, समजलं? सगळं काम मागच्या दंडाचं."

मच्छिंद्रानं केलं. तिसऱ्यांदा वर नेताना त्याचा चेहरा पिकल्या मिरचीसारखा झाला.

"किती येळा करायचं?"

"दमेपर्यंत."

"मी तर दमलो."

"जवान दमले का सुभेदार वरडायचा. तुझ्यासाठी सुभेदार कुठून आणू मी? ने घरी. जत्रा झाली का परत आण, माझ्या तारा वाकड्या राहतील."

मच्छिंद्रानं डंबेल घरी आणला आणि पहाटे माजघरात उभा राहून वर उचलला. घर जुन्या पद्धतीचं, ठेंगणं. वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. डंबेल तुळईला दणकन लागला आणि पांढऱ्या मातीचा गोळा झुंबरमामींच्या परातीत पिठावर पडला.

आता आमच्याकडं सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. मामी चुलीकडं बघून म्हणाल्या, "राही, आपल्या घरात भाकरी खात्यात. छप्पर खायची चाल न्हाई. कुनीतरी कुनालातरी सांगावं."

मच्छिंद्र उंबऱ्याकडं बघून म्हणाला, "राही, कुनीतरी उद्यापासनं माळवदावर जाईल म्हनावं."

आणि तिथंच सगळं फिरलं.

माळवदावर गेलेला माणूस अख्ख्या गावाला दिसतो. त्यातून पहाटेची वेळ, पूर्वेला तांबडं फुटलेलं, आणि त्या तांबड्यावर मच्छिंद्राची काळी आकृती. उघडं अंग, तोंड उगवतीला, दोन्ही हात वर, आणि हातात मध्ये बारीक, दोन्ही टोकांना फुगीर अशी वस्तू. ती वस्तू तो सावकाश डोक्याच्या मागं न्यायचा, मानेला टेकवल्यासारखी करायचा आणि पुन्हा सूर्याला दाखवायचा. दम लागला की तोंडातून "हूंऽऽ" असा आवाज निघायचा.

आमच्या भागात नाथांच्या कथा ऐकून पोरं मोठी होतात. तुम्ही सांगा, आमच्या गावानं काय समजायचं?

पहिल्यांदा पाहिलं ते रंगुबाईनं. सत्तरी ओलांडलेली बाई, गल्लीतल्या मोती कुत्र्यालासुद्धा एकादशीला भाकरी न घालता उपास घडवणारी. ती पाण्याला निघाली होती. तिनं कळशी खाली ठेवली आणि रस्त्यातच हात जोडले.

माझं घर भिंतीला भिंत लागून. मी ओट्यावर दात घासत होतो.

"आरं, बघतोस काय? पाया पड!"

"कुनाच्या, आज्जी?"

"नाव मच्छिंद्र. हातात डमरू. तोंड उगवतीला. सहादेवाच्या घरला नाथ आलाय अन् तू राखुंडी चघळतोय!"

"आज्जी, त्यो डंबेल हाय. तिसगावच्या गनीभाईचा."

"सोनईकडं तसं म्हनत असतील. वस्तू तीच."

त्याच दिवशी रंगुबाईची म्हैस पान्हावली. खरं म्हणजे म्हैस आटली नव्हती, सुनेवर रुसली होती. पण दूध निघालं ते निघालं. दुसऱ्या पहाटे मामांच्या दारात पाच-सहा बाया उभ्या. तिसऱ्या पहाटे वरच्या आळीतल्या बाया. चौथ्या दिवशी एकीनं नारळ आणला. मच्छिंद्राला वरून खालचं काही दिसायचं नाही, कारण कोपरं कानाला चिकटवली की माणसाला फक्त आभाळ दिसतं.

आठवड्याभरानं तो दुपारी रानातून आला, तर माजघरात धुपाचा धूर. डंबेल कोनाड्यात उभा. त्याला तेलात कालवलेल्या शेंदराचा गच्च लेप, वर चांदीचे डोळे चिकटवलेले, पुढं नारळाची शकलं. रंगुबाई आणि आळीतल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या. तेल झुंबरमामींनी दिलेलं होतं, घाण्याचं, सणाला राखून ठेवलेलं.

तेवढ्यात भिमाजी आला. त्यानं कोनाड्यापुढं जमिनीला डोकं टेकलं. इतक्या मनापासून त्याला कुठल्या देवापुढं वाकताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. उठून तो मच्छिंद्राला म्हणाला, "लई चांगलं झालं, पाव्हणं. शेंदूर लागला, देव बसला. आता हात लावायचा न्हाई हां. बसलेला देव उचलला तर गावावर कोप व्हतो."

"अवं, पन त्यो माझा..."

"तुमचा कसा? आता समद्यांचा."

बायांनी मान डोलवली. भिमाजी प्रसादाचं खोबरं चघळत निघून गेला.

मच्छिंद्र परसात जाऊन बसला. राही तिथं बाजरी पाखडत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"माझा डंबेल देवानं नेला."

"नेला कुठं? घरातच हाय की."

"हाय, पन उचलता येत न्हाई. जत्रा महिन्यावर आली. मामा परवापासनं निम्मीच भाकर खात्यात. अन् मी काय करू, पाटा-वरवंटा उचलू? त्याला बी कुनी शेंदूर लावंल."

राहीनं सुपातला कोंडा उडवला. "कोनाड्यातल्या देवाला आंगुळ कोन घालतं?"

"घरचा मानूस."

"मंग आंगुळीला देव चालत जातो व्हय?"

मच्छिंद्र तिच्याकडं बघायला लागला.

"सोन्यासारखा देव अंधारात बसवलाय," ती म्हणाली, "त्याला उगवतीचं ऊन नको का दाखवायला? अन् देवाला काय कमरेवर घेत्यात, घागरीवानी? डोक्यावरच घेत्यात."

"अन् मानेमागं नेलं तर?"

"पाठीमागची दिशा बी त्याचीच हाय. तिकडचं दर्शन देवानं घ्यायचं न्हाई का?"

संध्याकाळी राहीनं ही गोष्ट रंगुबाईच्या कानावर घातली. आपण सांगितलं असं वाटू न देता, विचारल्यासारखी. "आज्जी, देवाला ऊन दाखवायची चाल आसती का हो?" रंगुबाई म्हणाली, आसती म्हंजे काय, आसतीच. दुसऱ्या पहाटे मच्छिंद्र आंघोळ करून, सोवळं नेसून देव घेऊन माळवदावर गेला, आणि खाली अंगणात बायांनी टाळ घेऊन आरती धरली.

गनीभाईला जो सुभेदार मिळाला नाही, तो इथं मिळाला. आरती चालू असताना हात थांबवता येतात का? मच्छिंद्र दमायचा, कोपरं थरथरायची, पण खाली रंगुबाई पुढचं कडवं उचलायची. तिला भैरवनाथाच्या आरत्या येत होत्या, डोंगरावरच्या देवीच्या येत होत्या, आणि आरत्या संपल्या की ती शेजारच्या गावच्या देवांच्या म्हणायची. "हूंऽऽ" आला की बाया "उदोऽऽ" करायच्या. तालावर डंबेल मागं जायचा, तालावर वर यायचा. कोपर कानापासून जरा सुटलं, की आळीतली एखादी बाई खालून ओरडायची, "देव कलतोय, देव कलतोय!"

दुसरी गोष्ट शेंदराची. ज्याचं काम झालं त्यानं येऊन एक लेप द्यायचा, असा प्रघात पडला. कुणाची सून माहेराहून परत आली, कुणाच्या गाईला कालवड झाली. लेपावर लेप चढले. डंबेल आधी पेरूएवढ्या गोळ्यांचा होता, तो कवठाएवढा झाला, मग टरबुजाएवढा. वजन रोज मुंगीच्या पावलानं वाढत गेलं, आणि मच्छिंद्राचा मागला दंड त्याच्या बरोबरीनं. बंडीच्या बाह्या उसवल्या. राहीनं त्यांना पाचर लावली, तीही उसवली. एकदा त्याचा बैल दावं तोडून पळाला, तर यानं नुसते हात ताणले. बाही टरकली, आणि त्या आवाजाला भिऊन बैल उलट्या पावली दावणीला आला. त्या बैलाला विचारता आलं असतं तर मी तुम्हाला साक्षच काढून दिली असती.

मध्येच एकदा गनीभाई आला. त्याच्या दुकानातल्या तारा साठल्या होत्या. त्यानं माजघराच्या दारातून कोनाड्याकडं पाहिलं.

"हा माझाच ना?"

"तुमचाच हुता," मच्छिंद्र खाली मान घालून म्हणाला.

"जाड झालाय."

"व्हय. लोक खाऊ घालत्यात."

गनीभाई हसला. मग गंभीर झाला आणि चपला काढून आत आला. झुंबरमामींनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. त्यानं तो तोंडात टाकला आणि मच्छिंद्राला बाहेर नेऊन त्याचा दंड मागून दाबून बघितला. त्याचं बोट आत गेलं नाही.

"पाव्हणं," तो हळूच म्हणाला, "याचा जोडीदार कुठं मिळाला तर मला आधी सांग. माझ्या बायकोचा दमा लई दिवसांचा हाय."

जत्रेचा दिवस उजाडला. काठी वेशीतून निघाली. पट्ट्यात काठी घेऊन मच्छिंद्र पुढं, मागं गाव, आणि गावाच्या कडेनं सहादेवमामा, निखळलेला खांदा दुसऱ्या हातानं धरून. मामांच्या डोळ्यांत काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. पन्नास-एक वर्षांत पहिल्यांदाच ते काठीच्या मागून चालत होते.

देवळापुढं हलग्या थांबल्या. मच्छिंद्रानं काठी उपसली आणि वर नेली. सहज, कणगीवरचं झाकण उचलावं तशी. तुरा कळसाच्या वर हात-दीड हात गेला. हात ताणलेल्या दोरीसारखे ताठ. भिमाजीचं तोंड उतरलं.

आणि गुरवानं आरती धरली.

आता आमची चूक काय झाली बघा. महिनाभर त्या माणसानं आरतीच्या तालावर काय केलं होतं? हात वाकवून मागं न्यायचे आणि परत वर. टाळ वाजला, की त्याची कोपरं त्याला विचारत नव्हती. पहिल्या कडव्याला झांज झणाणली आणि त्याचे हात आपोआप वाकले. एवढी थोरली काठी सरसर खाली आली, त्याच्या मानेमागं टेकली. घुंगरं खळाळली, दोरवाले चौघं चार पावलं आत ओढले गेले. बायांच्या तोंडून "अगं बाईऽ" निघालं. आणि दुसऱ्या झांजेला काठी पुन्हा वर, होती तिथं.

"वाकलं!" भिमाजी ओरडला. "कोपर वाकलं! समद्यांनी बघितलं! आण्णा, वाकलं का न्हाई?"

आरती थांबली. आरती थांबली म्हणून मच्छिंद्राचे हातही थांबले, वरच, ताठ. तो नुसता घाम गाळत उभा. मामा मटकन देवळाच्या पायरीवर बसले.

राधाकृष्णअण्णांनी पानाचा डबा काढला.

"आण्णा, आता पान नको," मी म्हणालो, "त्याच्या डोक्यावर काठी हाय."

"मंग खाली ठेव म्हनावं."

"खाली ठेवली तर वाकलं म्हनतील."

"मंग धरू दे," अण्णा म्हणाले आणि चुना मळायला लागले. सगळं गाव त्यांच्या जबड्याकडं बघत होतं. मच्छिंद्र काठीकडं. रंगुबाई देवळाच्या खांबाला धरून पुटपुटत होती. मी सांगतो, त्या पानात अण्णांनी दोनदा सुपारी घातली.

शेवटी पिंक पडली.

"वाकलं," अण्णा म्हणाले. "खोटं कसं बोलू? वाकलं."

भिमाजी पुढं सरसावला.

"थांब. माझ्या उभ्या जन्मात मी लई जनांची कोपरं वाकलेली बघितली. तुझ्या आज्याचं बी वाकलं हुतं, म्हनून तर काठी सहादेवाच्या घरात आली. पन वाकलेलं परत सरळ झालेलं म्या आज पयल्यांदा बघितलं. आता ह्ये नवं हाय. ह्याला कायदा न्हाई. तू येक कर. काठी घे. वाकव, अन् वर ने. तुला जमलं तर काठी तुझी, मी नारळ देतो. न्हाई जमलं तर मुकाट बस."

भिमाजीनं बंडी काढली. बेटकुळी फुगवली, मागं उभ्या असलेल्या पोरांवर सावली पडली. त्यानं मच्छिंद्राच्या हातातून काठी घेतली, वर ताठ धरली. तोपर्यंत छान. मग गुरवाला म्हणाला, "म्हन."

झांज वाजली. भिमाजीनं कोपरं वाकवली आणि काठी मानेमागं आली.

दुसरी झांज वाजली. काठी तिथंच.

गुरवानं तिसरी वाजवली, चौथी वाजवली. भिमाजीची बेटकुळी नारळाएवढी झाली, चेहरा शेंदरी झाला, पण बेटकुळीचं काम ओढायचं. ढकलायचं कामच तिला कुणी शिकवलं नव्हतं. काठी त्याच्या मानेवर बसली होती, टाकता येत नव्हती, कारण काठी टाकली तर गावाचं वर्ष वाईट जातं, आणि वर नेता येत नव्हती. दोरवाले घामाघूम. तुरा हळूहळू कळसाच्या खाली उतरायला लागला.

भिमाजी दातांतून, फक्त जवळच्यांना ऐकू जाईल असं बोलला, "दाजी..."

बहिणीच्या नवऱ्याला दाजीच म्हणतात. पण भिमाजीच्या तोंडून मच्छिंद्रासाठी तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मच्छिंद्र त्याच्या पाठीमागं गेला. वरून हात घालून त्यानं दांडी धरली.

"कोपरं कानाला चिकटवा."

"चिकटवली."

"खांदा हालवू नका. खांद्याला झोपू द्या."

"आवं, जीव चाललाय अन् खांदा कुठनं झोपंल?"

"हूं म्हना."

"हूंऽऽ!" भिमाजी म्हणाला, आणि त्याच्या मागून मच्छिंद्रही म्हणाला, आणि सवयीनं बाया म्हणाल्या, "उदोऽऽ!" काठी वर निघाली. आधी बोटभर, मग वीतभर, मग एकदम. तुरा कळसाच्या वर गेला आणि घुंगरं अशी वाजली, की देवळातली वटवाघळं दिवसाढवळ्या बाहेर पडली. गुरवानं वेळ न घालवता आरती पुढं चालू केली आणि या वेळी भरभर म्हटली. मच्छिंद्राच्या कोपरांना पुन्हा वाकायचं होतं, मला दिसत होतं; पण पुढं भिमाजीचं डोकं होतं, म्हणून ती आवरली.

आरती संपली. अण्णांनी मानाचा नारळ उचलला आणि मच्छिंद्राच्या हातात द्यायला गेले. मच्छिंद्राला हात खाली घेता येईनात. म्हणून तो मामांच्या ओटीत ठेवला. मामा नारळाकडं बघत बसले, मग त्यांनी तो आपल्या गालाला लावला, लहान पोर गार दगड लावतं तसा.

त्या दिवशी मामा दोन भाकरी जेवले. मच्छिंद्राला राहीनं भरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर होतो. जत्रेनंतर देवळाची आवारझाडणी असते. घरटी एका माणसानं जायचं, नाही गेलं तर चारचौघांत बोलणी बसतात. भिमाजी दारोदार माणसं गोळा करत फिरत होता. त्याचे दोन्ही हात अंगापासून सुटून लोंबत होते, ओल्या धोतरासारखे. तो मामांच्या दारात थांबला.

"ओ दाजी! ऊठ की. ऊन वर आलं. पत्रावळ्या उचलायच्यात, उकिरड्याला न्यायच्यात. का तुझ्या वाट्याच्या बी मीच उचलू?"

मामा ओसरीवरून म्हणाले, "आमच्या घरनं कोन येनार? माझा खांदा असा."

"म्हंजे? ह्यो काय मुक्कामाला आलाय व्हय? गावात ऱ्हायचं तर गावकी करायला नको? काल सकाळधरनं नुसता लाड चाललाय."

आतून मच्छिंद्राचा आवाज आला. "भिमाजीराव, माझे हात वर हुत न्हाईत."

"पत्रावळ्या खालीच पडल्यात."

आत झुंबरमामी चुलीला काहीतरी म्हणाल्या आणि राही मोठ्यानं हसली. मच्छिंद्र डोळे चोळत बाहेर आला. चोळत म्हणजे, हात डोळ्यांपर्यंत जाईनात म्हणून तो डोळे हातांपर्यंत खाली आणत होता. राहीनं त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि एक टोपलं काखेत अडकवून दिलं. भिमाजी उशीर झाल्याबद्दल त्याला गल्लीच्या टोकापर्यंत घालूनपाडून बोलत गेला, आणि मच्छिंद्र, सोनईचा तो मवाळ माणूस, त्याला जे उत्तर देत गेला ते मी इथं लिहीत नाही, बायाबापड्याही वाचतात.